बिनआवाजाचे सौदे

४ जून

खारू,

आहेस ना रे बाबा जिवंत? फोन करून करून माझं बोट झिजलं. माझा उचलत नाहीस, आईचा उचलतोस आणि नुसता "हो हो, बरं बरं" करून ठेवून देतोस. आई म्हणते, "मी विचारलं तब्येत कशी आहे, तर म्हणाला, हो, पुढच्या महिन्यात." लक्ष कुठे असतं तुझं? आता मेसेज टाकलास की पत्र लिही, पत्रात बोलू. हे पत्रांचं वेड कुठून आलं कोण जाणे. पण चालेल मला, कारण ऑफिसचं एक अक्षरही मी माझ्या मोबाइलवर लिहीत नाही. आपल्या दलाली पेढीच्या नोंदी सांभाळायचं काम माझं, आणि मीच नियम धाब्यावर बसवला तर झालंच मग.

आता कामाचं. ऑगस्टमध्ये वायदेबाजाराच्या नियामकाची माणसं तपासणीला येणार. ते वर्षभरातला कुठलाही सौदा उचलतात आणि म्हणतात, हा ज्या बोलण्यावरून झाला ते बोलणं ऐकवा. गिऱ्हाईक काय म्हणालं, किती माल, कुठल्या महिन्याचा वायदा, काय भाव, सगळं त्याच्या तोंडचं. म्हणून तर तुमच्या डेस्कवरचे फोन टेप होतात आणि त्या टेपा पाच वर्षं जपायच्या असतात. ते यायच्या आधी मी घरच्या घरी तालीम घेते. बंदरावरच्या शाखेचे सौदे काढले आणि तुझ्या नावापाशी येऊन अडकले. सौदे आहेत, बोलणंच नाही. तुझ्या तेलगिरणीवाल्या बाईंचंच बघ. त्यांनी तीन महिन्यांनी निघणाऱ्या तेलाचा भाव मार्चमध्येच बांधून घेतला, सौदा चोख झाला. पण हे त्यांनी तुला कधी सांगितलं? टेप कोरी. आणि ही एकच नाही, कितीतरी महिन्यांची हीच गत.

टेपयंत्राची काही भानगड असेल तर लगेच कळव. हाच प्रश्न ऑफिसमार्फतही येईल, सगळ्या डीलरना जातोय, मी तुला वेगळं काही विचारत नाही. तपासणीआधी मला एका कागदावर सही करायची आहे, की आपल्याकडे प्रत्येक सौद्यामागचं बोलणं जपलेलं आहे. खोटी सही मी करायची नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि ज्याची नोंद सापडत नाही त्या डीलरचं लायसन्स जातं, हेही.

तुझी बायको बरी आहे ना? तिला म्हणावं, नवऱ्याचे कान धर.

ताई

११ जून

माझ्या परमपूज्य नोंदणीदेवते,

काय ते पत्र! पाकीट फोडलं आणि आधी मागे सरकलो. लहानपणी मी गालात खाऊ लपवायचो आणि तू माझे गाल दाबून तो बाहेर काढायचीस. त्या धंद्यातून तू काही निवृत्त झालेली दिसत नाहीस.

अगं, एवढं काही नाही. आपली टेपयंत्रं म्हातारी झालीत. शिवाय त्या लाइनवर मधून मधून टूं टूं वाजतं, ते गिऱ्हाइकांना आवडत नाही. तेलगिरणीवाल्या बाई तर म्हणतात, तुमच्याशी बोलताना दवाखान्यात असल्यासारखं वाटतं. मग माणसं दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने सांगतात. तुम्ही हेडऑफिसवाले नियमाच्या पुस्तकात राहता, आम्ही माणसांत राहतो. भाव क्षणात इकडचा तिकडे होतो, तेव्हा कुणी यंत्राची पूजा करत बसत नाही.

तरी तू काळजी करू नकोस. जे राहिलंय ते मी भरून काढतो. महिनाअखेरीस तुझ्या टेपा कोऱ्या राहणार नाहीत, मग तू बेलाशक सही कर.

आणि पत्रच लिहीत जा. तुझं अक्षर किती सुंदर आहे हे मी विसरलोच होतो. फोनवर ते थोडंच दिसतं? आईला सांग मी ठणठणीत आहे.

खारू

२९ जून

खारू,

भरून काढतो म्हणजे काय ते आज कळलं. हेडफोन काढून ठेवले आणि हे पत्र लिहायला घेतलं.

तू गिऱ्हाइकांना डेस्कवरच्या फोनवरून फोन केलेस. "बाई, मार्चमधली ती ऑर्डर जरा परत म्हणा, टेपवर यायला पाहिजे." बाई बिचाऱ्या भल्या, म्हणतायत. त्यांचं वाक्य अजून चाललंय आणि तू मध्येच "बरोबर, केलं" म्हणून मोकळा. दुसरा एक गृहस्थ चिडून विचारतोय, "अहो, पण हे आज कशाला?" आणि तू त्याला म्हणतोस, "आभारी आहे." काय तमाशा आहे हा? समोरचा काय बोलतोय इकडे तुझं लक्षसुद्धा नाही. पाठ केलेली वाक्यं म्हणतोयस, शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हणतात तशी. एवढी घाई कशाची? समोरचा काही वेगळं बोलून बसेल याची भीती?

नीट वाच. टेप नव्हती ती चूक होती. चुकीला दंड असतो, माणूस दंड भरून परत उभा राहतो. पण जूनमध्ये बसून मार्चचं बोलणं तयार करायचं, याला आमच्याकडे बनवाबनवी म्हणतात आणि त्याला माफी नाही. तुला वाटलं तू ताईला मदत करतोयस. मेल्या, तू स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारून घेतलीस, आणि ती कुऱ्हाड तारीखवेळेसकट टेपवर आहे! त्या टेपा मी पुसू शकत नाही. शकले असते तरी पुसल्या नसत्या.

ऑर्डरी कुठून येत होत्या ते मला आता समजतंय. तुझ्या स्वतःच्या मोबाइलवर, मेसेजने. हो ना? मग तो मोबाइल जसाच्या तसा ठेव. एक मेसेजही पुसू नकोस, एक टिंबही हलवू नकोस. सोमवारी मी साहेबांना सगळं सांगणार आहे आणि तुझी चौकशी माझ्याकडून काढून घ्या म्हणणार आहे, कारण मी बहीण आहे. त्याआधी मला एकच सांग. असं काय आहे त्या फोनमध्ये, की तुला रेकॉर्ड होणारा फोन नको झाला? कुणाला आतली बातमी देतोस? कुणाच्या नावावर स्वतःचे सौदे करतोस? न विचारता राहिले तर मी या खुर्चीवर बसायच्या लायकीची नाही.

ताई

३ जुलै

ताई,

आतली बातमी, स्वतःचे सौदे. वा! म्हणजे तुझ्या लेखी मी चोर. हे विचारायला तुला पाकीट आणि तिकीट लागलं, समोर येऊन विचारायची छाती झाली नाही.

मोबाइल मी कुणाला देणार नाही. त्यात माझं खाजगी आहे. काय आहे ते तुला सांगायची माझी इच्छा नाही, आणि आता तर मुळीच नाही. साहेबांना काय सांगायचं ते खुशाल सांग. तू बहीण आहेस म्हणून चौकशीतून बाजूला होणार म्हणतेस. मला तर तू बहीण म्हणून आधीच बाजूला झालेली दिसतेस.

पुढचं पत्र लिहायची तसदी घेऊ नकोस.

७ जुलै

ती. ताई यांना,

यांच्या नकळत लिहितेय. तुमचं पत्र आल्यापासून हे नीट जेवत नाहीत. पत्रात काय होतं ते मला सांगत नाहीत, पण उशीखाली ठेवलेलं मी पाहिलं आणि वाचलं. माफ करा.

ताई, तुम्ही असं कसं लिहिलंत? तुम्हाला तर सगळं माहीत आहे ना? तुम्ही फोन बंद करून पत्रं लिहायला लागलात तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं. म्हटलं, सांगितलं वाटतं एकदाचं यांनी ताईंना कानाचं. आणि तुम्ही काही न बोलता समजून घेतलंत. मी शाळेत शिकवते, तिथल्या बाईंनासुद्धा सांगितलं, की आमच्या नणंदबाई अशा आहेत म्हणून. आता तुमचं पत्र वाचून वाटतंय, की यांनी तुम्हालाही सांगितलेलं नाही. तसं असेल तर हे पत्र लिहून मी विश्वासघात करतेय, पण मला दुसरं काही सुचत नाही.

गेल्या वर्षीपासून यांना ऐकू येणं कमी होत गेलं. डाव्या कानाने आता काहीच नाही. उजव्याने समोर बसून सावकाश बोललं तर कळतं, तेही बरंचसं ओठांवरून. फोनवर नुसता खरखराट, असं म्हणतात. डॉक्टर म्हणाले, नस गेली आहे, कानाच्या यंत्राने थोडंफार येईल, पूर्वीसारखं नाही. त्या दिवसापासून यांनी गिऱ्हाइकांना "मेसेज करा, मेसेज करा" सुरू केलं. डीलरला ऐकू येत नाही म्हटल्यावर डेस्कवर कोण ठेवेल? रोज संध्याकाळी एकेक मेसेज त्या दिवसाच्या सौद्याशी ताडून बघतात, तेव्हा मी चहा ठेवला तरी बघत नाहीत. एवढ्या महिन्यांत एकही ऑर्डर चुकली नाही. मोबाइल देत नाहीत, कारण डॉक्टरांचं सगळं त्यात आहे.

तुम्ही यांना चोर समजू नका. बाकी काय शिक्षा व्हायची ती होऊ द्या.

तुमची भावजय

१० जुलै

खारू, माझ्या राजा,

तू लिहू नकोस म्हणालास तरी लिहितेय, आणि हे तुला वाचावंच लागेल. तुझ्या बायकोवर रागावशील तर माझ्याशी गाठ आहे. त्या पोरीने तुझ्यावर जे उपकार केलेत ते मी सख्खी बहीण असून केले नाहीत.

मी किती मूर्ख आहे! आई मला सांगतेय की खारू भलतीच उत्तरं देतो, आणि मी हसतेय. टेपेत समोरचा माणूस ओरडून विचारतोय आणि तू आभार मानतोयस, हे माझ्या या दोन धडधाकट कानांनी ऐकलं, परत परत ऐकलं, आणि मला काय सुचलं? चोरी! सतत कागद तपासून माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. तू म्हणालास ते खरं आहे. मी गाडी पकडून समोर यायला हवं होतं. मी रडले रे. आईला सांगितलं, तीही रडली, मग म्हणाली, "माझ्या लेकराने एकट्याने सोसलं." आणि मग माझ्यावरच ओरडली, की तू मोठी असून तुला कळलं नाही.

आता डोळे पुसले. आता ऐक, नाही, वाच.

साहेबांना मी सोमवारी सगळं सांगितलं. टेपा नाहीत हेही आणि जूनमध्ये बनवलेल्या टेपाही. तुझ्या कानांचं तेव्हा मला माहीत नव्हतं, पण माहीत असतं तरी हे दोन्ही सांगितलंच असतं, आणि याबद्दल मी तुझी माफी मागणार नाही. चौकशी आता माझ्याकडे नाही. पण तुझी मी बहीण आहे आणि नियमांचं पुस्तक मला पाठ आहे, या दोन्ही गोष्टी माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

मोबाइल दे. खाजगी ते वेगळं काढायची पद्धत आहे, तुझ्यासमोर काढतील, तसा अर्ज आधी कर, नमुना सोबत जोडलाय. तुझ्या बायकोने लिहिलंय की एकही ऑर्डर चुकलेली नाही. मग ते मेसेज हीच तुझी बाजू आहे. गिऱ्हाइकाचे शब्द, गिऱ्हाइकाच्या हातचे, वेळेसकट. ते चुकीच्या खिशात होते एवढाच त्यांचा गुन्हा. जे आहे ते आहे तसं पुढे ठेव. लपवालपवीने काय झालं ते पाहिलंस.

आणि कानांचं तू स्वतः सांग. माझ्या तोंडून नको, बायकोच्या तोंडून नको. तुझ्या तोंडून.

रागाव, शिव्या दे, पण मोबाइल दे.

ताई

२२ जुलै

ताई,

दिला मोबाइल. हेडऑफिसातून एक शांत माणूस आला. माझ्यासमोर डॉक्टरांचं आणि घरचं वेगळं काढलं, बाकीचं उतरवून घेतलं, फोन पाकिटात घालून सील केला आणि पाकिटावर माझी सही घेतली. तो म्हणाला, मेसेज पुसलेले नसले की आमचं अर्धं काम होतं. हे मला ओठांवरून कळलं, कारण तो समोर बघून बोलत होता. चांगला माणूस.

मग साहेब स्वतः शाखेत आले. मला आत बोलावलं आणि बोलता बोलता उठून खिडकीपाशी गेले, माझ्याकडे पाठ करून. त्यांचे खांदे हलतायत एवढंच मला दिसतंय. पूर्वीचा मी असतो तर "हो साहेब, बरोबर साहेब" करून बाहेर पडलो असतो. वर्षभर हेच केलं, मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये, घरी. माणसं हसली की हसायचं. तुझ्या "तुझ्या तोंडून"ने घोळ केला. मी म्हटलं, "साहेब, इकडे तोंड करून बोला. मला ऐकू येत नाही." बाहेरच्या मुलांनाही ऐकू गेलं म्हणे, मला स्वतःचा आवाज किती मोठा होतो ते कळत नाही.

साहेब वळले. वाईट वाटलं त्यांना, खोटं कशाला सांगू. मग म्हणाले, तपासणी होईपर्यंत डेस्कवर बसू नका, आणि नंतरही हिशेबाच्या खात्यात जा, तिथे शांतता असते. मला शांतता! ताई, मला घरबसल्या फुकट मिळतेय ती.

आता मागच्या खोलीत बसतो. जुन्या खोक्यांवर चिठ्ठ्या डकवतो. काचेतून माझं टेबल दिसतं, तिथे दुसरा कुणी बसलाय आणि भाव पडला की उगाच घाबरतो. तेलगिरणीवाल्या बाई त्याच्याशी तीन वाक्यंही बोलल्या नाहीत. बायको म्हणते, हिशेबात जा, पगार तोच आहे, जीव कशाला जाळतोस. पगाराचा प्रश्नच नाही. या धंद्यात मला काय येतं ते मला माहीत आहे. मला डेस्क पाहिजे. तू पुस्तक पाठ आहे म्हणालीस ना? मग काढ त्यातून काहीतरी.

तुला छाती नाही लिहिलं, बहीण नाहीस लिहिलं. तेवढं गिळून टाक.

खारू

१२ सप्टेंबर

खारू,

तपासणी आटोपली. निकालाचा कागद आज आला, म्हणून पत्राला उशीर झाला. आधी कळवून तुला टांगणीला लावायचं नव्हतं.

त्या सहीच्या कागदावर "सर्व बोलणं जपलेलं आहे काय" यापुढे मी "नाही" लिहिलं. साहेब म्हणाले, जरा सौम्य शब्द नाही का सापडत? मी म्हटलं, साहेब, "नाही"पेक्षा छोटा शब्द मला माहीत नाही. त्यांनी कागद तसाच पुढे पाठवला. मग तपासनीस आले. तुझे मेसेज आणि सौदे त्यांनी एकापुढे एक मांडले. जुळले, खारू! सगळे जुळले. कुणाचं नुकसान नाही, कुणाच्या नावावर दुसऱ्याचा माल नाही. पेढीला दंड झाला तो झालाच, तुझ्या लायसन्सवर डिसेंबरपर्यंत बंदी आली तीही आलीच, आणि ती मुख्यतः जूनच्या त्या टेपांमुळे. ते तुला भोगायला हवं आणि तू निमूट भोग.

आता पुढचं. साहेब म्हणतात, "डीलरचा डेस्क म्हणजे आवाज. ऐकू न येणारा डीलर कुणी ऐकलाय का?" मी म्हटलं, मग आता ऐका. नियम काय सांगतो? सौद्यामागचं बोलणं ज्या रूपात झालं त्या रूपात जपा, बदलता येणार नाही अशा जागी जपा, मागितलं की दाखवा. बोलणं तोंडानेच व्हायला हवं असं त्यात कुठेही नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, दोनदा. गिऱ्हाइकांनी पेढीच्या स्वतःच्या मेसेजव्यवस्थेवर लिहावं, तिथे प्रत्येक अक्षर आपोआप जपलं जाईल, कुणाला पुसता येणार नाही, तुलाही नाही. टेपेत खोकला असतो, गाडीचा हॉर्न असतो, माणूस तोंडातल्या तोंडात बोलतो. लिहिलेल्यात हे काही नाही. माझ्यासारखीला तर हे वरदानच वाटतं. हे सगळं मी साहेबांना लेखी दिलं आणि लेखीच उत्तर मागितलं. त्यांनी शेवटी लिहिलं, "लायसन्स समितीने मान्य केलं तर माझी हरकत नाही." खुशीने नाही लिहिलं, पण लिहिलं.

बंदी संपल्यावर लायसन्स परत द्यायचं का, हे ठरवणारी ही नियामकाची समिती, तिच्यापुढे तुला ऑक्टोबरच्या शेवटी जायचंय. मी येऊ शकत नाही. मी त्याच पेढीची, वर बहीण. मी दिसले की तुझं काम बिघडेल. म्हणून आताच सांगते. प्रश्न लेखी विचारावेत असा अर्ज आधी पाठव. तिथे जाऊन "हो हो" केलंस तर संपलं सगळं. एक प्रश्न अर्धा कळला तरी पूर्ण कळल्याचं सोंग करू नकोस. परत विचार. दहादा विचार. त्यांना कंटाळा आला तर येऊ दे.

आई तुला रोज एक चिठ्ठी लिहिते आणि पाठवायला विसरते. सगळ्या एकदम येतील.

ताई

३१ ऑक्टोबर

ताई,

आत्ताच घरी आलोय. बूट काढले नाहीत, बायको ओरडतेय (ते बघून कळतं), पण आधी हे लिहितो.

लांबट खोली, लांबट टेबल, पलीकडे तिघं. मधल्या बाई अध्यक्ष, कडेला नोंद टाइप करणारा एक माणूस, त्याच्यापुढे मोठा पडदा. बसलो न बसलो तोच अध्यक्षीणबाई काहीतरी बोलल्या. कळलं नाही. डावीकडचे गृहस्थ माझ्याकडे बघून हसले आणि मान डोलवली, आणि ताई, खरं सांगतो, माझीही मान डोलायला निघाली होती. वर्षभराची सवय. मी ती अर्ध्यात थांबवली. म्हटलं, "मला कळलं नाही. प्रश्न लेखी मिळावेत असा माझा अर्ज आहे."

बाई सावकाश, तोंड मोठं करून म्हणाल्या, "अशी पद्धत नाही. आम्ही मोठ्याने बोलू." मी म्हटलं, "मोठ्याने बोलून उपयोग नाही. लेखी द्यायचे नसतील तर तुम्ही नकार दिलात एवढं नोंदीत येऊ द्या." टाइप करणाऱ्याची बोटं थांबली. त्याने बाईंकडे पाहिलं, बाईंनी त्या दोघांकडे. मला वाटलं, संपलं आता, बहिणीचं ऐकून घरी जायची वेळ आली. मग बाईंनी उठून तो पडदाच माझ्याकडे वळवायला लावला, आणि टाइप करणाऱ्याला म्हणाल्या, आम्ही बोलू तसं लिहा. एकेक प्रश्न अक्षराअक्षराने माझ्यासमोर उमटायला लागला. तुला काय सांगू, कितीतरी दिवसांनी माझ्याशी कुणीतरी पूर्ण वाक्य बोललं.

जूनच्या टेपांबद्दल विचारलं. का केलंत? मी म्हटलं, भीतीने. कशाची भीती? डेस्क जायची. आणि गेला ना डेस्क? गेला, म्हटलं, त्याच टेपांमुळे गेला. डावीकडचे गृहस्थ परत हसले, पण या वेळी मला कारण माहीत होतं. तेलगिरणीवाल्या बाईंनी समितीला परस्पर लिहिलं होतं. तेही पडद्यावर आलं. त्यांचं म्हणणं, हा माणूस फोनवर होता तेव्हा मला आपण काय बोललो ते आठवावं लागायचं, मेसेज सुरू झाल्यावर मी जुने मेसेज वर सरकवून वाचायची, आणि याला बदलाल तर मी पेढी बदलीन. पेढीतर्फे माझ्या शेजारी बसलेल्या साहेबांच्या माणसाने हे वाचलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शेवटचा प्रश्न अध्यक्षीणबाईंचा. बाजार कोसळतोय, मेसेजव्यवस्था बंद पडली, आणि तुमच्या टेबलावरचा फोन वाजतोय. काय कराल?

मी म्हटलं, "उचलणार नाही. शेजारचा डीलर उचलेल, त्याची टेप होईल. आणि मी उचलला नाही हे मी लिहून ठेवीन, वेळेसकट."

आम्हाला बाहेर बसवलं. मी भिंतीवरचं घड्याळ बघत बसलो, ते चालू आहे का तेही कळेना. मग आत बोलावून कागद हातात दिला. जानेवारीपासून लायसन्स परत. अट अशी, की ऑर्डरी फक्त लेखी, फक्त पेढीच्या व्यवस्थेवर, पहिलं वर्ष दर महिन्याला तपासणी. माझ्या टेबलावर फोन ठेवायचा नाही. आणि गिऱ्हाइकाला पाठवायच्या प्रत्येक करारावर, पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत छापायचं: "या डीलरना ऐकू येत नाही. कृपया लिहून कळवावे."

साहेबांचा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, हे ठळक अक्षरांतलं जरा बोचतं, आपण विनंती करून काढून घेऊ. मी नको म्हटलं. ताई, वर्षभर मी हेच एक वाक्य लपवत जगलो. तोंडाने हसलो, कानाने खोटं बोललो, आईला फसवलं, तुला चोर वाटलो. आता ते पेढीच्या प्रत्येक कागदावर असणार, समितीच्या नोंदीत असणार, आणि तुमच्या नियमाने पाच वर्षं ते कुणाला पुसता येणार नाही. मलासुद्धा नाही. कागद हातात घेऊन मी जिन्यातच बसलो आणि खूप रडलो, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

तुझा बहिरा भाऊ,
खारू